रानडुक्कर, बोपदेव घाट आणि कॅशलेस दावा : एका वाहनविमा सेवेचे परीक्षण

हे परीक्षण एका खासगी विमा कंपनीच्या वाहनदावा सेवेचे आणि त्या कंपनीच्या कॅशलेस यादीतील (म्हणजे जेथे दुरुस्तीचे बिल कंपनी थेट भरते अशा), पुण्याच्या हडपसर भागातल्या एका कार्यशाळेचे आहे. दोघांचीही नावे मुद्दाम देत नाही, कारण ज्या त्रुटींबद्दल लिहायचे आहे त्या एकाच कंपनीच्या आहेत असे मला वाटत नाही. त्या वाहनविम्याच्या एकूण मांडणीतच आहेत आणि रात्री घाटरस्त्यावर वन्यप्राण्याला धडक बसली की उघड्या पडतात. थोडक्यात मत सांगायचे तर गाडी कार्यशाळेत पोहोचल्यानंतरची सेवा उत्तम, गाडी रस्त्यावर उभी असतानाची सुमार आणि प्राण्याच्या बाबतीत सेवा अशी नाहीच. पाचपैकी साडेतीन तारे देते; त्यांतले अडीच कार्यशाळेच्या वाट्याचे समजावेत.

घडले ते असे. सासवडचे लग्न आटोपून सासूबाईंना घेऊन मी बोपदेव घाटमार्गे कोंढव्याकडे येत होते. चांबळी आणि भिवरी मागे पडल्यावर, घाट उतरायला लागण्याआधीच्या मोकळ्या पट्ट्यात, डावीकडच्या बांधावरून एक रानडुक्कर थेट गाडीसमोर आले. ब्रेक लागला, वेग बराच उतरला, तरी बंपरचा डावा कोपरा त्याला बसलाच. एअरबॅग उघडल्या नाहीत आणि आम्हा दोघींना खरचटलेही नाही. जनावर रस्त्याच्या कडेला आडवे पडले, काही वेळ पाय झाडत राहिले आणि मग थंडावले.

अशा वेळी लगेच दार उघडून खाली उतरणे टाळावे, हे येथेच नोंदवते. रानडुकरे, विशेषतः माद्या आणि पिल्ले, कळपाने फिरतात. एक रस्त्यावर आले की मागून आणखी येण्याची शक्यता असते, आणि जखमी डुक्कर सुळ्यांनी माणसाची मांडी फाडू शकते. धोक्याचे दिवे लावून, गाडी शक्य तेवढी कडेला घेऊन, आम्ही काचा वर करून आत बसून राहिलो आणि तेथूनच विमा कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन लावला. परीक्षणाचा विषय येथून सुरू होतो.

फोन लवकर उचलला गेला आणि पलीकडची मुलगी अतिशय नम्र होती, याबद्दल तक्रार नाही. तक्रार तिच्यासमोरच्या प्रश्नावलीबद्दल आहे. कोणी व्यक्ती जखमी आहे का, दुसऱ्या वाहनाचे नुकसान आहे का, पोलिसांत तक्रार झाली आहे का, असे प्रश्न ओळीने आले; प्राणी जिवंत आहे का, कोणता आहे, वनविभागाला कळवले का, यांपैकी एकही प्रश्न आला नाही. रानडुक्कर असे मी सांगितल्यावर तिने "कुणाच्या मालकीचं होतं, मॅडम?" असे विचारले. सासूबाई शेजारून म्हणाल्या, "सरकारच्या." त्या थट्टेने बोलल्या, पण कायद्याच्या दृष्टीने उत्तर बरोबर होते, त्याबद्दल पुढे लिहिते.

त्यानंतर मिळालेला सल्ला मात्र गंभीर चुकीचा होता. गाडी सुरू होते का, असे तिने विचारले. होते म्हटल्यावर, मग ती सावकाश चालवत जवळच्या कार्यशाळेपर्यंत आणावी, म्हणजे टोइंगसाठी थांबावे लागणार नाही, असे ती म्हणाली. ऐकायला हे सोयीचे वाटते. परंतु रानडुक्कर ठेंगणे आणि जड असते. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरू शकते, आणि ते सगळे वजन बंपरच्या खालच्या निम्म्या भागावर येऊन आदळते. गाय किंवा म्हैस आडवी आली तर तिचे धड बॉनेटवरून काचेपर्यंत येते. डुक्कर खालून घुसते. लहान मोटारींत त्या खालच्या भागामागेच आधी एसीचा कंडेन्सर आणि त्याच्या मागे रेडिएटर असतो. बंपरचे प्लास्टिक आत दबून पुन्हा जवळपास मूळ आकारात येते, त्यामुळे बाहेरून फक्त एक भेग आणि लोंबणारा फॉग लॅम्प दिसतो, आणि आत रेडिएटरची नळी फुटलेली असू शकते. शीतक (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गळत असताना घाट उतरून शहरातल्या वाहतुकीत गाडी चालवली तर इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाची सील) जाण्याची भीती असते. हे नुकसान धडकेमुळे झाले नसून धडकेनंतर गाडी चालवल्यामुळे झाले, असे कारण देऊन विमा कंपनी ते नाकारू शकते, कारण परिणामी नुकसान मूळ पॉलिसीतून वगळलेले असते. म्हणजे कंपनीच्याच प्रतिनिधीचा सल्ला मानणाऱ्या ग्राहकाचा इंजिनाचा खर्च कंपनीच्याच नियमाने त्याच्या गळ्यात पडला असता.

आम्ही तो सल्ला मानला नाही. कारण साधे होते: गाडीखाली हिरवट ओल पसरू लागली होती आणि ती मोबाइलच्या उजेडात स्पष्ट दिसत होती. मी इंजिन बंद केले आणि फ्लॅटबेड (गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक) पाठवा असा आग्रह धरला. त्यावर रस्त्यावरील मदतीची पूरक (जादा हप्ता भरून घेतलेली) सेवा बिघाडासाठी आहे, अपघातासाठी नाही, असे उत्तर आले. पॉलिसीचा कागद माझ्या मोबाइलमध्ये होता आणि त्यात अपघातातील टोइंगचा स्पष्ट उल्लेख होता. ते कलम वाचून दाखवल्यावर वरिष्ठांकडे फोन गेला आणि मग फ्लॅटबेड मंजूर झाली. ज्यांनी ही पूरक सेवा घेतलेली नाही त्यांनी हे लक्षात ठेवावे की, मूळ पॉलिसीत अपघातानंतर गाडी हलवण्याच्या खर्चाला जुन्या टॅरिफपासून (विम्याच्या ठरीव दरपत्रकापासून) चालत आलेली १,५०० रुपयांची मर्यादा असते, आणि रात्रीच्या वेळी घाटातून शहरात फ्लॅटबेड आणायला तेवढे पैसे पुरत नाहीत.

टोइंगची वाट पाहत असताना मी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. हा महाराष्ट्र वनविभागाचा निःशुल्क क्रमांक असून तो राज्यभर चालतो. ठिकाण, प्राणी आणि त्याची स्थिती एवढेच विचारले गेले आणि माहिती संबंधित वनपरिक्षेत्राकडे पाठवली गेली. पुष्कळ लोक हा फोन करायला घाबरतात. आपल्यावरच शिकारीचा गुन्हा दाखल होईल, गाडी जप्त होईल, अशी भीती असते. माझा अनुभव असा की कळवणाऱ्याशी फार सभ्यपणे वागले जाते, आणि कळवण्याला कायद्याचाही आधार आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे मृत सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता ठरते, आणि अशी मालमत्ता ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचे असते. ती उचलून घरी नेणे, कापणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. हे कलम किती लोकांना माहीत नसते याचा प्रत्यय तेथेच आला. दोन दुचाकीस्वार थांबले आणि आम्हाला काही लागले का हे विचारण्याच्या आधी त्यांनी विचारले, "ताई, डुक्कर तुम्ही नेणार आहात का?" वनविभागाची गाडी येते आहे म्हटल्यावर ते क्षणात निघून गेले. पुरंदरच्या शेतकऱ्याचा भुईमूग आणि मका रात्रीत उकरून टाकणाऱ्या या जनावराबद्दल कोणाला प्रेम नसणार, हे मी समजू शकते. तरी मांसाची घाई पाहून सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

वनरक्षक सहकाऱ्याला घेऊन मोटारसायकलवर आले. "ताई, तुम्ही गाडीतच बसा, आधी आम्ही बघतो," असे म्हणून त्यांनी लांब काठीने प्राणी मेल्याची खात्री केली, टॉर्चच्या प्रकाशात मोजमाप आणि छायाचित्रे घेतली, माझा जबाब लिहून घेतला आणि पंचनामा केला. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी झाल्यावर शवाची विल्हेवाट लावली जाईल, असे त्यांनी सांगितले. प्राणी जिवंत असता तर काय, असे मी विचारले तेव्हा त्यांचे उत्तर असे होते की, जवळ जायचे नाही, पाणी पाजायला जायचे नाही, गर्दी होऊ द्यायची नाही आणि गाड्यांचे दिवे त्याच्या तोंडावर धरायचे नाहीत. हे उत्तर ऐकताना कोथरूडच्या गव्याची आठवण होणे अपरिहार्य होते. ९ डिसेंबर २०२० रोजी वाट चुकून वस्तीत आलेला तो गवा माणसांच्या गर्दीत धावपळ करून दमला आणि शेवटी मेला, ही गोष्ट पुणेकर अजून विसरलेले नाहीत. जखमी प्राण्यांसाठी आता बावधनला वनविभागाचे उपचार केंद्र आहे आणि बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहचे निवारा केंद्र आहे; तेथपर्यंत प्राणी पोहोचवणे हे प्रशिक्षित माणसांचे काम असते आणि ते १९२६ वरूनच सुरू होते. विमा कंपनीच्या प्रश्नावलीत हा एक क्रमांक टाकायला काय हरकत आहे, हे मला अजूनही कळलेले नाही.

आता दाव्याकडे वळते. कंपनीच्या मोबाइल अ‍ॅपवर दावा नोंदवताना अपघाताचे कारण यादीतून निवडावे लागते. यादीत दुसरे वाहन, पादचारी, स्थिर वस्तू, पाळीव जनावर, पूर, आग, चोरी इतके पर्याय होते. वन्यप्राणी नव्हता आणि "इतर" सुद्धा नव्हता. मदतक्रमांकावरून स्थिर वस्तू निवडण्याचा सल्ला मिळाला. रस्त्यावर धावत आलेल्या डुकराला स्थिर वस्तू म्हणणे हा भाषेवरचा अत्याचार सोडला तरी, दाव्यात खोटे कारण लिहिणे धोक्याचे असते, कारण पुढे सर्व्हेयरला (नुकसान तपासणाऱ्याला) खुणा वेगळ्या दिसल्या तर माहिती विसंगत म्हणून दावा अडतो. मी पाळीव जनावर हा पर्याय निवडून वर्णनाच्या चौकटीत "रानडुक्कर, वनविभागाचा पंचनामा झाला आहे" असे स्पष्ट लिहिले. हा पर्यायही बरोबर नव्हताच, पण त्यातल्या त्यात खरा होता.

कार्यशाळेबद्दल आता सविस्तर लिहिते, कारण चांगले काम तेथेच झाले. फ्लॅटबेडवरून गाडी उतरवताच तेथल्या एका मुलाने सवयीने पाण्याचा पाइप उचलला. फ्लोअर-इनचार्जनी त्याला थांबवले आणि गाडी कोरडीच आत घ्यायला सांगितली. कारण दुसऱ्या दिवशी समजले. ग्रिलच्या खालच्या जाळीत आणि नंबरप्लेटच्या स्क्रूमागे राठ, काळपट, टोकाशी दुभंगलेले केस अडकले होते. फेंडरच्या आतल्या अस्तरावर चिखलाचा आणि रक्ताचा सुकलेला पट्टा होता. सर्व्हेयरने सगळ्यात जवळून छायाचित्रे घेतली ती याच दोन गोष्टींची. रस्त्याच्या कठड्याला घासल्यावर केस येत नाहीत, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. धडकेनंतर गाडी स्वच्छ धुऊन सर्व्हेयरसमोर उभी करणारे ग्राहक आपलाच पुरावा गटारात सोडतात, असे इनचार्ज म्हणाले, आणि ते अगदी पटले. हे केस उघड्या हाताने काढू नयेत, गोचिडी असू शकतात, ही सूचनाही त्यांचीच.

सर्व्हेयरने वेग विचारला आणि प्राणी लांबून दिसला कसा नाही, असाही प्रश्न केला. प्रश्न त्याच्या कामाचा भाग होता, त्यात संशय नव्हता; पण उत्तर समजून घेण्यासारखे आहे. कुत्रा, मांजर, कोल्हा, बिबट्या, गाय, हरीण यांच्या डोळ्यांत नेत्रपटलामागे प्रकाश परत फेकणारा थर असतो, त्यामुळे दिव्याच्या झोतात त्यांचे डोळे लांबूनच चमकतात आणि चालकाला शरीराआधी डोळे दिसतात. डुकराच्या डोळ्यांत तो थर नसतो. त्याचे डोळे चमकत नाहीत, अंग काळपट करडे असते आणि उंची कमी असल्याने डिपरचा (खाली झुकलेल्या दिव्यांचा) प्रकाश त्याच्या पायांवर आणि पोटावर पडेपर्यंत ते जवळ आलेले असते. डिपरवर अशी गडद वस्तू साधारण चाळीस-पन्नास मीटरपलीकडे नीट ओळखू येत नाही. ताशी ५५ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला पंधरा मीटरहून अधिक अंतर कापते. पाहून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर तेवीस मीटर आणि कोरड्या डांबरावर ब्रेकचे सोळा-सतरा मीटर मिळून चाळीस मीटर होतात. ताशी ८० ला हाच आकडा सत्तर मीटरच्या जवळ जातो. म्हणजे ऐंशीच्या वेगाने डिपरवर चालवणारा चालक, दिसते त्यापेक्षा लांब थांबणारी गाडी चालवत असतो. सर्व्हेयरने हे ऐकून घेतले आणि त्याच्या अहवालात वेगाबद्दल काही प्रतिकूल लिहिले नाही.

पहिले अंदाजपत्रक बंपर, डावा हेडलॅम्प, फॉग लॅम्प आणि रंगकामापुरते होते, आणि येथेच ही कार्यशाळा इतरांहून वेगळी ठरली. बाहेरून दिसेल तेवढ्याची यादी करून मंजुरी घ्यायची आणि आतले नुकसान नंतर ग्राहकाच्या बिलात घालायचे, हा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. येथे बंपर उतरवल्याशिवाय सर्व्हेयरला जाऊच दिले नाही. बंपर खाली आला तेव्हा कंडेन्सरच्या पातळ पट्ट्या एका बाजूने चपट्या झालेल्या, रेडिएटरची खालची प्लास्टिकची टाकी तडकलेली आणि ते दोन्ही धरणारी आडवी पट्टी आत वाकलेली दिसली. पूरक अंदाजपत्रक त्याच भेटीत तयार झाले आणि मंजूरही झाले. एकूण बिल ५०,००० रुपयांच्या पुढे गेले. हेडलॅम्पच्या फुटलेल्या एका खुंटीसाठी संपूर्ण दिवा बदलण्याऐवजी दुरुस्तीसंच बसवता येईल का, हेही इनचार्जनी आपणहून तपासून पाहिले होते, पण त्या मॉडेलसाठी तो मिळत नव्हता.

त्या बिलातले माझ्या खिशातून किती गेले, हा भाग प्रत्येक वाहनमालकाने आपली पॉलिसी समोर ठेवून वाचावा. १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट असते, त्याहून मोठ्या इंजिनाला २,०००. ती प्रत्येक दाव्यात भरावीच लागते. प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर मूळ पॉलिसी ५० टक्के घसारा (वापराने घटलेली किंमत) कापते, आणि रानडुकराच्या धडकेत फुटणाऱ्या गोष्टी, म्हणजे बंपर, ग्रिल, दिव्यांची घरे, चाकाआडची अस्तरे, बहुतेक प्लास्टिकच्याच असतात. धातूच्या भागांवरचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे वाढतो. माझ्याकडे शून्य घसाऱ्याची पूरक योजना होती म्हणून ही कपात टळली. पण शीतक, एसीचा वायू, क्लिपा, नटबोल्ट यांना कन्झ्युमेबल्स म्हणतात आणि त्यांची पूरक योजना वेगळी असते. ती मी घेतली नव्हती. कंडेन्सर आणि रेडिएटर दोन्ही बदलायचे असल्याने वायू आणि शीतक पूर्ण भरावे लागले आणि तो खर्च माझा झाला. रक्कम फार मोठी नव्हती, तरी समोरून बसलेल्या धडकेत हा खर्च हमखास येतो, हे पॉलिसी विकणाऱ्याने एका वाक्यात सांगायला हरकत नव्हती.

पंचनाम्याची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज केल्यावर मिळाली आणि ती मी दाव्याला जोडली. कंपनीने ती मागितली नव्हती. परंतु अ‍ॅपवरच्या त्या "पाळीव जनावर" पर्यायामुळे कंपनीच्या मुख्यालयातून एका अधिकाऱ्याने जनावराच्या मालकाचे नाव मागितलेच, आणि तेव्हा शासनाचा शिक्का असलेला एकच कागद पुढे करून प्रश्न मिटला. तो कागद नसता तर पत्रव्यवहार किती लांबला असता, याचा अंदाज करवत नाही. मंजुरी अडली असती तर पुढचा मार्ग मी पाहून ठेवला होता: आधी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, मग विमा नियामकाचे बिमा भरोसा संकेतस्थळ, आणि महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपाल, ज्यांचे एक कार्यालय पुण्यातच आहे. त्याची गरज पडली नाही.

कार्यशाळेचा एक भाग मात्र मला आवडला नाही, तो म्हणजे अ‍ॅक्सेसरीजचा कोपरा. गाडी घ्यायला गेले तेव्हा तेथल्या विक्रेत्याने "मॅडम, आता पुढे गार्ड बसवून घ्या, परत डुक्कर आलं तरी काही होणार नाही," असे सांगत लोखंडी बुलगार्डचे नमुने दाखवले. केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच असे गार्ड बेकायदा असल्याचे राज्यांना कळवले आहे. बंपरमागचा भाग चेपून धक्का शोषून घेईल अशी त्याची रचना असते. लोखंडी गार्ड तो धक्का थेट चासीपर्यंत पोहोचवतो, एअरबॅगच्या संवेदकांचे गणित बिघडवतो आणि पादचाऱ्याला तर फारच वाईट इजा करतो. नकार दिल्यावर त्याने बंपरला चिकटवायच्या दोन लहान शिट्ट्या काढल्या, ज्या वाऱ्याने वाजतात आणि माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने प्राण्यांना दूर ठेवतात म्हणे. अमेरिकेतल्या युटा राज्यात अशा शिट्ट्या लावलेली गाडी हरणांजवळून नेऊन पाहण्याचा प्रयोग झाला होता आणि त्याचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. शिट्टी असली काय आणि नसली काय, हरणांच्या वागण्यात फरक आढळला नाही. डुकरांनी त्या शिट्टीला अधिक मान द्यावा असे काही कारण दिसत नाही. ज्या कार्यशाळेत आत इतके प्रामाणिक काम होते तिच्या दर्शनी भागात या वस्तू असाव्यात, म्हणून अर्धा तारा कापला आहे.

ज्यांच्याकडे फक्त तृतीय पक्ष विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) आहे त्यांच्यासाठी या परीक्षणातला बहुतेक मजकूर निरुपयोगी आहे, कारण प्राण्याच्या धडकेत स्वतःच्या गाडीसाठी त्यांना एक रुपयाही मिळत नाही. यात एक फसगत वारंवार होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसोबत तीन वर्षांचा आणि दुचाकीसोबत पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा झाला; त्याच कागदावर स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मात्र अनेकदा एकाच वर्षाचे असते. वाहतूक पोलिसाला दाखवायला पॉलिसी चालू असते, म्हणून मालक निर्धास्त राहतो आणि दुसऱ्या वर्षी नुकसानीचा भाग संपून गेलेला असतो. दुचाकीस्वारांच्या बाबतीत तर गाडीपेक्षा जिवाचा प्रश्न मोठा आहे. मालक-चालकाचे १५ लाख रुपयांचे व्यक्तिगत अपघात संरक्षण चालू आहे ना, एवढे त्यांनी आजच पाहून घ्यावे.

दावा करावा की करू नये, हा हिशेबही सेवेचाच भाग आहे आणि कंपनी तो करून देत नाही. दावा न केल्याबद्दलची सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५० टक्क्यांपर्यंत चढत जाते आणि एका दाव्याने शून्यावर येते. ही सवलत फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते, संपूर्ण हप्त्यावर नसते. त्यामुळे नुसता बंपर फुटला असता तर मी तो स्वतःच्या पैशांनी बदलून सवलत राखली असती. कंडेन्सर आणि रेडिएटर गेल्यावर विचार करायला काही उरले नव्हते. बंपर उतरवून पाहण्याआधी दावा पक्का करू नका, असे इनचार्जनी मला सुचवले होते, त्याचा अर्थ हाच होता.

यंदा नूतनीकरण त्याच कंपनीकडे केले आहे. शून्य घसारा, कन्झ्युमेबल्स आणि रस्त्यावरील मदत या तिन्ही पूरक योजना घेतल्या. इंजिन संरक्षण घेतले नाही, कारण माझी गाडी पाण्यात जाण्याचा प्रसंग येत नाही आणि शीतक गळताना ती चालवण्याचा माझा विचार नाही. अ‍ॅपच्या यादीत वन्यप्राणी हा पर्याय आणि मदतक्रमांकाच्या प्रश्नावलीत १९२६ हा क्रमांक घालावा, असे कंपनीला लेखी कळवले होते. "आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे" असे उत्तर आले. नूतनीकरणाच्या दिवशी यादी पुन्हा उघडून पाहिली, ती जशीच्या तशी होती.